रोजगार हमी कायद्याचा माग: विधेयकाच्या आधीची बारा वर्षे

खेड्यात काम मागणाऱ्याला काम देण्याची हमी देणाऱ्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाची प्रत उघडली की वर्षांचा मेळ लागत नाही. नावात १९७७ आहे, क्रमांक १९७८ चा विसावा आहे आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासूनचा. यातले एकही वर्ष चुकीचे नाही. दोन्ही सभागृहांनी डिसेंबर १९७७ मध्ये विधेयक एकमताने मंजूर केले. रोजगार आणि बेकारी हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीत, तेविसाव्या नोंदीत येतो. विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले, ती १९७८ मध्ये मिळाली आणि क्रमांक त्या वर्षाचा पडला. राज्याच्या कोणत्याही कायद्याचा इतिहास शोधताना ही तीन वर्षे आधी वेगळी करून घ्यावीत. चर्चा शोधायची ती सभागृहांनी विधेयक मंजूर केले त्या वर्षात, संमतीच्या वर्षात नव्हे. अनेकांचा शोध इथेच भरकटतो.

मधल्या काळात राज्यातले राजकारणही पालटले. विधेयक मंजूर झाले तेव्हा वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. कायदा लागू झाला तेव्हा शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार होते. ज्यांनी वसंतदादांचे सरकार पाडले, त्यांनीच वसंतदादांच्या काळात मंजूर झालेला कायदा अमलात आणला. रोजगाराच्या हमीवर सभागृहात किती व्यापक सहमती होती, हे यावरून कळते.

पण या सहमतीमुळेच अभ्यासकाची अडचण होते. जिथे कडाक्याचा विरोध होतो तिथे सभागृहाच्या कार्यवाहीत मुद्दे, आकडे, आक्षेप, मंत्र्यांचे खुलासे असे सगळे सापडते. संयुक्त समिती नेमली असेल तर तिच्या अहवालाला जोडलेल्या भिन्नमतपत्रिका, म्हणजे असहमत सदस्यांची लेखी मते, तर फारच मोलाच्या असतात. एकमताने मंजूर झालेल्या विधेयकात एवढे हाती लागत नाही. मूळ वाद आधीच, दुसरीकडे कुठेतरी मिटलेला असतो.

रोजगार हमीच्या बाबतीत त्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यापर्यंत मागे जावे लागते. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये विसापूर परिसरात गावकऱ्यांना मागेल तेव्हा काम देण्याचा प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर माणसांची रीघ लागली आणि वसंतराव नाईक यांच्या सरकारने त्या प्रयोगाला राज्यभराच्या योजनेचे रूप दिले. ही योजना शासन निर्णयांवर चालत होती, कायद्यावर नाही. म्हणून १९७२ ते १९७७ या काळातला इतिहास विधेयकांत शोधून मिळत नाही. तो शासन निर्णयांत, परिपत्रकांत, अर्थसंकल्पावरच्या चर्चेत आणि तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नांच्या, उत्तरांत विखुरलेला आहे.

पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते, आणि पीठासीन अधिकारी सदस्यांप्रमाणे चर्चेत उतरत नाही. त्यामुळे ज्यांना योजनेचे जनक म्हटले जाते त्यांचे नाव घेऊन परिषदेच्या चर्चांची अनुक्रमणिका चाळली, तर हाती फारसे काही लागणार नाही. भाषणांवरून श्रेय ठरवणारा अभ्यासक त्यांना सहज वगळून बसेल, आणि तो मोठा अन्याय होईल.

पैशाचा धागा वेगळ्याच कायद्यातून येतो. व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या यांवरील कराचा राज्याचा कायदा १९७५ चा. पगारदाराच्या पगारातून आजही कापला जाणारा व्यवसाय कर तो हाच. योजनेसाठी हक्काचा निधी उभा राहिला तो प्रामुख्याने या करातून, आणि त्यात राज्याने आपला वाटा घालायचा अशी रचना होती. शहरातल्या नोकरदाराकडून घेऊन खेड्यातल्या मजुराला काम देण्याचे तत्त्व आमदारांनी कसे स्वीकारले, हे पाहायचे तर १९७५ च्या त्या विधेयकावरची चर्चा वाचायला हवी. माझ्या मते हमीची खरी कसोटी तिथेच लागली. काम देण्याचे वचन सगळ्यांनाच गोड लागते. त्यासाठी कर बसवायला धैर्य लागते.

कागद शोधायचा क्रम साधारण असा. आधी राजपत्रातले मूळ विधेयक. त्याला उद्देश व कारणे यांचे निवेदन आणि वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचा अंदाज, जोडलेले असते. मग दोन्ही सभागृहांची कार्यवाही, आणि शेवटी मंत्रालयातल्या विभागाची नस्ती, म्हणजे फाइल. रोजगार हमीचा कारभार नियोजन विभागाकडे होता, म्हणून नस्ती तिथली. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) मुळे वीस वर्षांपूर्वीच्या बाबींना बहुतेक अपवाद लागू होत नाहीत. मंत्रिमंडळाच्या कागदांचा अपवाद मात्र कायम राहतो. तरी निर्णय झाला आणि विषय संपला की तो निर्णय, त्याची कारणे आणि आधारभूत सामग्री खुली करावी, असे कलम ८(१) मध्येच म्हटले आहे. अर्जात याच तरतुदीवर बोट ठेवावे.

न्यायालयात या कागदांचे वजन किती, यावरची भूमिका बदलत गेली आहे. अश्विनीकुमार घोष खटल्यात १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उद्देश व कारणांचे निवेदन अर्थ लावायला वापरू नये असे म्हटले. के. पी. वर्गीस खटल्यात १९८१ मध्ये विधेयक मांडणाऱ्या मंत्र्याचे भाषण कोणत्या दोषावर उपाय योजला हे समजण्यापुरते पाहता येते, असे ठरले. २०१८ मध्ये कल्पना मेहता खटल्यात घटनापीठाने संसदीय स्थायी समितीच्या अहवालांचाही आधार घेता येईल असा निर्णय दिला.

या कायद्याचा माग दिल्लीपर्यंतही जातो. केंद्राच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाच्या कलम २८ ला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी जोड, होते: एखाद्या राज्यात आधीपासूनच रोजगार हमीचा कायदा असेल आणि त्यातले हक्क केंद्राच्या कायद्यापेक्षा कमी नसतील, तर त्या राज्याला स्वतःचाच कायदा राबवण्याचा पर्याय राहील. महाराष्ट्राचा कायदा तेव्हा पंचवीस वर्षांहून अधिक काळ अमलात होता. म्हणून ज्याला १९७७ च्या कायद्याचे पुढे काय झाले हे पाहायचे आहे, त्याने राज्याने केलेल्या नंतरच्या सुधारणांबरोबर संसदेच्या ग्रामविकासविषयक स्थायी समितीचा अहवाल आणि २००५ मधली लोकसभेतली चर्चाही वाचावी.