देखभालीनंतर ऑफिसच्या संगणकाचे लॉगिन डोमेन: कोणी बदलायचे, अर्जाला काय जोडायचे

टेक्निशियन विंडोज संगणक दुरुस्त करून जातो आणि दुसऱ्या दिवशी रोजचाच पासवर्ड ‘चुकीचा’ ठरतो. अशा वेळी पासवर्ड बदलून घ्यायची घाई करू नका. आधी पासवर्डच्या चौकटीखालची ‘साइन इन टू’ ही बारीक ओळ वाचा. तिथे कार्यालयाच्या डोमेनऐवजी (म्हणजे सर्वांची खाती आणि संगणक एका सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेऐवजी) संगणकाचेच नाव दिसत असेल, तर तुमचे खाते त्या एकट्या मशीनवर शोधले जात आहे आणि तिथे ते नाही. टेक्निशियनने लोकल ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने (त्या एकाच संगणकापुरत्या, सर्व अधिकार असलेल्या खात्याने) काम केले असेल, तर त्याचेच लॉगिन पडद्यावर राहू शकते.

एवढ्यासाठी अर्ज लागत नाही. ‘अदर युजर’ निवडा. डोमेनचे नाव, मग बॅकस्लॅश (\), मग युजरनेम असे मध्ये जागा न सोडता लिहा. प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ वेगळी, ती चालत नाही. डोमेनचे नाव माहीत नसेल तर शेजारच्या चालू संगणकाच्या लॉगिन पडद्यावर पाहा. एकदा आत गेलात की पुढच्या वेळी सहसा तेच खाते समोर येते.

‘या वर्कस्टेशनचा डोमेनशी विश्वास तुटला आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर मात्र मामला वेगळा. डोमेनमधल्या प्रत्येक संगणकाचाही स्वतःचा पासवर्ड असतो आणि मूळ सेटिंगनुसार तो दर 30 दिवसांनी आपोआप बदलतो. टेक्निशियनने जुना बॅकअप चढवला की मशीनकडे जुना पासवर्ड राहतो, सर्व्हरकडे नवा. बोर्डावरचा सेल बदलताना तारीख-वेळ चुकली, तरीही लॉगिन अडू शकते; सर्व्हरच्या घड्याळाशी 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक सहसा चालत नाही. आणि विंडोज नव्याने टाकताना होम आवृत्ती टाकली असेल, तर तो संगणक डोमेनला जोडताच येणार नाही. प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन आवृत्तीच हवी.

ही कामे आयटी विभागाची आहेत. डोमेनमधून संगणक काढायला लोकल ॲडमिन अधिकार लागतात आणि परत जोडायला डोमेनचे अधिकृत खाते. ऑक्टोबर 2022च्या सुरक्षा अपडेटपासून, एकाने तयार केलेले संगणक-खाते (डोमेनमधली त्या संगणकाची नोंद) दुसऱ्या साध्या खात्याने पुन्हा वापरू पाहिले, तर विंडोज अडवते. लोकल ॲडमिनचा पासवर्ड हातात नसताना कोणीही संगणक डोमेनमधून काढू नये, कारण रीस्टार्टनंतर आत जायला वाटच उरत नाही.

आयटीकडे अर्ज करताना विभागप्रमुखांची मंजुरी, तुमचा कर्मचारी क्रमांक व युजरनेम, संगणकाचे नाव आणि त्यावरच्या स्टिकरचा मालमत्ता क्रमांक द्या. पडद्यावरच्या संदेशाचा फोटो जोडा. ‘लॉगिन होत नाही’ एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही. सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे टेक्निशियनचा सर्व्हिस रिपोर्ट, कारण मदरबोर्ड बदलला की फक्त साफसफाई झाली, यावर पुढचे सगळे ठरते. मदरबोर्ड बदलल्यावर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) 48 अंकी रिकव्हरी की मागत असेल, तर पडद्यावरचा की आयडीही लिहा. स्वतःचा पासवर्ड मात्र अर्जात, फोनवर किंवा चिठ्ठीवर कुठेच देऊ नका. खऱ्या दुरुस्तीला तो लागत नाही.

लॉगिन झाले पण डेस्कटॉप रिकामा दिसतो, ही तक्रार सर्वांत घाबरवणारी असते. टेक्निशियनने तुमच्याच नावाचे लोकल खाते उघडले असेल, तर विंडोजच्या लेखी ती दुसरीच व्यक्ती आणि तिचे फोल्डरही वेगळे. डिस्क फॉरमॅट झालेली नसेल, तर तुमच्या फाइली सहसा सी ड्राइव्हमधल्या ‘युजर्स’च्या जुन्या फोल्डरमध्ये असतात. नव्या खात्यात काम सुरू करू नका, फाइली हलवू नका आणि अर्जात ही गोष्ट ठळक लिहा. त्याच डोमेन खात्याने लॉगिन झाले की जुना डेस्कटॉप बहुधा जसाच्या तसा मिळतो.

काम झाल्यावर टेक्निशियन उभा असतानाच स्वतःच्या खात्याने लॉगिन करा, सामायिक फोल्डर उघडा, एक पान प्रिंट काढा. त्यानंतरच सर्व्हिस रिपोर्टवर सही करा, आणि टेक्निशियनला दिलेला ॲडमिन पासवर्ड त्याच दिवशी बदलायला आयटीला सांगा.