‘डेडलाइन’ आधी जमिनीवर होती

शेवट, मर्यादा आणि निर्णय यांसाठी इंग्रजीत रुळलेले बरेच शब्द मुळात डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंचे किंवा हाताने करायच्या कामांचे आहेत. लॅटिन ‘लिमेस’ म्हणजे शेताच्या हद्दीवरची वाट, पुढे साम्राज्याची सरहद्द, त्यातून ‘लिमिट’. ‘टर्मिनस’ म्हणजे हद्दीचा दगड. रोमन लोक त्याला देव मानत आणि २३ फेब्रुवारीला दोन्ही बाजूंचे शेजारी मिळून त्याची पूजा करत. त्यातून आलेला ‘टर्म’ आधी हद्द होता, मग दोन हद्दींमधला काळ झाला, मग अर्थाला हद्द घालणारी संज्ञा. ‘डिसाइड’च्या मुळाशी कापणे आहे, कात्रीसाठीचा ‘सिझर्स’ त्याच घरातला. आपणही एक घाव दोन तुकडे करतोच, पण मराठीत तो घाव अजून ऐकू येतो.

‘डूम’ मात्र वेगळ्या वाटेने गेला. जुन्या इंग्रजीत तो निवाडा होता. इंग्लंडमधल्या १०८६ च्या जमीन-पाहणीच्या दप्तराला लोक ‘डूम्सडे’ म्हणू लागले, कारण त्यातल्या नोंदीवर दाद मागता येत नसे. आज त्या शब्दात निवाडा उरलेला नाही, फक्त वाईट शेवट उरला आहे.

‘फाइन’ला आपण दंड म्हणतो, पण तो ‘फायनल’चा सख्खा भाऊ. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचा वाद कोर्टापुढे मिटला की त्या तडजोडीला ‘फाइन’ म्हणत. ११९५ पासून तिच्या तीन प्रती एकाच चर्मपत्रावर लिहून नागमोडी कापत: दोन पक्षकारांना, तळातली सरकारी खजिन्यात. कडा जुळल्या तर दस्तऐवज खरा. ही पद्धत १८३३ पर्यंत चालली. प्रकरण मिटवण्यासाठी मोजलेली रक्कम म्हणजेही ‘फाइन’, आणि दंडाचा अर्थ तिथूनच आला.

खरा गुंता आहे ‘डेडलाइन’चा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, तिथल्या जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे १८६४ च्या फेब्रुवारीत युद्धकैद्यांची छावणी उघडली. लाकडी तटाच्या आत काही अंतरावर खांबांवर ठोकलेला एक हलका कठडा होता. तो ओलांडणाऱ्यावर, काही वेळा त्याला नुसता हात लावणाऱ्यावरही, पहारेकरी गोळी झाडत. मे १८६४ च्या तपासणी अहवालात या कठड्याला ‘डेडलाइन’ म्हटले आहे. तटापासूनचे अंतर कोणी १७ फूट सांगतो, कोणी २०. छावणीत सुमारे ४५ हजार कैदी येऊन गेले आणि जवळपास १३ हजार मेले. बहुतेक रोगाने आणि उपासमारीने, कठड्यावर थोडेच. तरी युद्धानंतर छावणीच्या प्रमुखावर खटला चालला, त्यात हा शब्द पुन्हा पुन्हा आला आणि वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. प्रमुखाला नोव्हेंबर १८६५ मध्ये फाशी झाली.

वेळेचा अर्थ मात्र विसाव्या शतकात, अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रुजला. म्हणून एक पक्ष म्हणतो, तो छापखान्यातूनच आला असणार. छपाईयंत्राच्या पाटावर एक खुणेची रेघ असे, तिच्याबाहेरचा मजकूर नीट उठत नसे, आणि तिलाही ‘डेडलाइन’ म्हणत. ही व्युत्पत्ती सोयीची आहे, रक्तही सांडत नाही. पण तिच्या लेखी नोंदी फार उशिराच्या आहेत, आणि शब्द मधल्या काळात झोपला नव्हता. १८८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या पोलिसांनी फुल्टन स्ट्रीटवर ‘डेडलाइन’ आखली होती. तिच्या दक्षिणेला, वॉल स्ट्रीटच्या बाजूला, सराईत चोर नुसता दिसला तरी अटक. म्हणजे ‘ओलांडू नये अशी रेघ’ हा अर्थ चांगला चालू होता. संपादकांनी ती जमिनीवरून उचलून घड्याळावर ठेवली, एवढेच. छापखान्याच्या रेघेने फार तर शब्द कानावर राहू दिला असेल.

त्यानंतरची घसरण वेगवान आहे. संगणकशास्त्रात १९७३ पासून कामांचा क्रम डेडलाइननुसार लावण्याचे गणित मांडले गेले, आणि त्या शाखेत डेडलाइनचे दोन प्रकार पडले: ‘हार्ड’, म्हणजे चुकली तर यंत्रणाच फसली, आणि ‘सॉफ्ट’, म्हणजे चुकली तर उत्तराची किंमत थोडी कमी. कचेऱ्यांनी हे दोन्ही शब्द उचलले आणि जोडीला ‘एक्स्टेंशन’ आणले. जो कठडा ओलांडला की गोळी येत असे, त्याच्यामागे आता ‘हार्ड’ लावल्याशिवाय कोणी तो मनावर घेत नाही.