उतारा (रासायनिक अभिक्रियेतील)

अभिक्रियेतून प्रत्यक्ष हाती आलेला पदार्थ आणि समीकरणाप्रमाणे जास्तीत जास्त मिळू शकणारा पदार्थ यांचे टक्क्यांतले प्रमाण म्हणजे उतारा. साखर कारखान्यातल्या उताऱ्याचा हिशेब मात्र निराळा. तिथे १०० किलो उसामागे ११ किलो साखर निघाली की उतारा ११ टक्के. तुलना उसाच्या वजनाशी होते, उसातल्या साखरेशी नाही. म्हणून टक्के ऐकले की ते कशाचे, हे आधी विचारावे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत नेहमी केले जाणारे अ‍ॅस्पिरिन घ्या. २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल (रेणुवस्तुमान १३८.१२) म्हणजे ०.०१४५ मोल (मोल म्हणजे रेणूंची ठरावीक संख्या; ग्रॅममधल्या वजनाला रेणुवस्तुमानाने भागले की मोल मिळतात). त्याच्याशी अभिक्रिया करणारे अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड मुद्दाम जादा घालतात, त्यामुळे आधी संपते ते आम्ल, आणि हिशेब त्याच्यावरच बांधायचा. एका मोलमागे एक मोल अ‍ॅस्पिरिन (१८०.१६), म्हणजे कमाल २.६१ ग्रॅम. तराजूवर २.०९ ग्रॅम भरले तर उतारा ८० टक्के. उरलेले काही गाळलेल्या पाण्यात विरघळून जाते, काही पुनर्स्फटिकीकरणात (शुद्धीसाठी विरघळवून पुन्हा स्फटिक करताना), तर काही चंचुपात्राच्या काचेला चिकटून राहते.

कधी उतारा १०५ टक्केही येतो. त्यावर खूश होऊ नये. स्फटिक बहुधा ओले असतात. सुकवून पुन्हा वजन करायचे, लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत. चिमूटभर स्फटिकांच्या द्रावणात फेरिक क्लोराइडचा थेंब टाकल्यावर जांभळा रंग आला, तर न बदललेले सॅलिसिलिक आम्ल अजून त्यात आहे. शुद्धता तपासल्याशिवाय उताऱ्याच्या आकड्याला अर्थ नाही.

टप्पे वाढले की गळती गुणाकाराने वाढते. प्रत्येक टप्प्याला ९० टक्के, हा चांगलाच उतारा. तरी दहा टप्प्यांनंतर हाती ३५ टक्केच उरतात. उलट अमोनिया बनवण्याच्या हेबर पद्धतीत नायट्रोजन आणि हायड्रोजनचे एका फेरीत जेमतेम १५ टक्के रूपांतर होते, पण अमोनिया थंड करून वेगळा काढतात आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडतात, म्हणून एकूण रूपांतर ९७ टक्क्यांच्या आसपास पोहोचते.

उतारा टाकाऊ मालाबद्दल काहीच सांगत नाही, ही त्याची मोठी उणीव. ती भरून काढायला रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये अणु-काटकसरीची कल्पना मांडली : अभिक्रियाकारकांच्या एकूण वस्तुमानापैकी किती हव्या त्या पदार्थात उतरते? अ‍ॅस्पिरिनचा उतारा पूर्ण १०० टक्के आला तरी अणु-काटकसर ७५ टक्केच, कारण बाकीचे अ‍ॅसिटिक आम्ल होऊन बाहेर पडते. आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाच्या जुन्या सहा टप्प्यांच्या पद्धतीत ही काटकसर सुमारे ४० टक्के होती. नंतरच्या तीन टप्प्यांच्या पद्धतीत ती ७७ टक्क्यांवर गेली.

अभिक्रियाकारक द्रावणातून घेतला, तर सगळा हिशेब संहतीवर, म्हणजे लिटरभर द्रावणात तो किती मोल आहे यावर, उभा राहतो. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शोषते, म्हणून ४ ग्रॅम तोलून लिटरभर द्रावण केले तरी ते नेमके ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) होईल याची खात्री नसते. त्याची संहती पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट या नेमके तोलता येणाऱ्या आम्लधर्मी क्षाराशी अनुमापन करून, म्हणजे अभिक्रिया पुरी व्हायला किती द्रावण लागते ते मोजून, ठरवतात. अभिक्रिया पुरी झाल्याचे दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग फिकट हवा आणि सुमारे अर्धा मिनिट टिकायला हवा. नंतर तो हळूहळू उडाला तर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम, त्यासाठी ब्युरेटमधून (द्रावण मोजून सोडायच्या नळीतून) आणखी थेंब सोडायचा नाही.