पाचाचा डोळा

यंदाच्या जत्रेत एका स्टॉलवर लालसर थेंबांच्या बाटल्या विकायला होत्या. "नॅनो आहे, थेट पेशीत शिरतं," विकणारा माइकवरून ओरडत होता. आमच्या शेजारच्या काकूंनी दोन बाटल्या घेतल्या आणि एक मला दाखवायला आणली, कारण मी विज्ञानाचा मास्तर. बाटलीत काय आहे ते लेबलवरून कळेना, पण माझं अडलं ते त्या 'थेट' या शब्दावर.

ऑक्सिजनसारखे चिमुकले रेणू पेशीच्या पापुद्र्यातून आरपार जातात, हे खरं. साखर आणि क्षारांसाठी पापुद्र्यात प्रथिनांची वेगळी दारं आहेत. पण अख्खं प्रथिन किंवा कोलेस्टेरॉलचा गोळा आत घ्यायचा तर पेशी दार उघडत बसत नाही. ती आपल्या पापुद्र्यालाच खळगा पाडते. माल खळग्यात बसतो, खळगा खोल होतो, त्याची मान आवळली जाते आणि मालासकट एक पिशवी सुटून आत येते. तिला पुटिका म्हणतात. व्यास साधारण मिलिमीटरचा दहा हजारावा भाग.

आता पापुद्रा म्हणजे मुळात तेलकट पदार्थाचा दुहेरी थर. तो आपण होऊन एवढा छोटा गोल का होईल? त्याला आकार देणारं कुणीतरी लागतं.

हे 'कुणीतरी' पहिल्यांदा नीट दिसलं ते आपल्या ओळखीच्या प्राण्यात, डासाच्या मादीत. १९६४ साली थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मादी रक्त प्यायली की काही तासांत अंडपेशीवरचे खळगे पंधरापट वाढतात आणि एकेका पेशीवर तीन लाखांपर्यंत जातात. अंड्याच्या बलकाचं प्रथिन आत ओढण्याची ही घाई. प्रत्येक खळग्याला आतल्या बाजूने काटेरी केसाळ अस्तर दिसत होतं. पुढे १९७५-७६ साली केंब्रिजमध्ये बार्बरा पियर्स यांनी डुकराच्या मेंदूतून अशा अस्तरवाल्या पुटिका वेगळ्या केल्या आणि अस्तराच्या प्रथिनाला नाव दिलं क्लॅथ्रिन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जाळीदार.

क्लॅथ्रिनचा एक नग म्हणजे तीन वाकड्या पायांची आकृती. तीन लांब साखळ्या मध्यावर जुळलेल्या, आणि प्रत्येक पायाला गुडघ्यासारखा बाक. असे नग एकमेकांच्या पायांत पाय अडकवतात. प्रत्येक नगाचं मधलं टोक जाळीचा एक कोपरा होतं आणि पाय कडेकडेने शेजारच्या कोपऱ्यांपर्यंत जातात, इतके गुंतून की जाळीच्या एका कडेत चार वेगवेगळ्या नगांच्या पायांचे तुकडे असतात. तयार होते ती षटकोनांची जाळी.

आणि इथेच मला कुडाळच्या बाजारातली आजी आठवते.

ती कोंबड्या डालायची डालगी विणून विकते. डालग्याची वीण सहा बाजूंच्या भोकांची, तिन्ही दिशांनी बेळं, म्हणजे बांबूच्या पट्ट्या, घालून केलेली. मागे मी एक डालगं उचलून भोकं मोजत होतो, तेव्हा बुडाच्या वळणावर पाच बाजूंचं एक भोक सापडलं. मला वाटलं चूक आहे. आजी म्हणाली, "चूक नाय ती, मास्तरानू. ह्यो पाचाचो डोळो. हयसर एक बेळ कमी घ्यायची. नायतर चटय होतली ती." मी आणखी मोजलं. बूड संपून भिंत उभी राहते तिथे पाचाचे डोळे बरोबर सहा होते. दुसरं डालगं घेतलं, त्यातही सहा.

नुसत्या षटकोनांनी चटईच होते, मधमाशीच्या पोळ्यासारखी सपाट. बाक हवा तर पंचकोन हवा. एका टोकाने उघड्या डालग्याला सहा लागतात. दोन डालगी तोंडाला तोंड लावून ठेवा, बंद भांडं होतं आणि पंचकोन बारा. हे गणित ऑयलरच्या सूत्राचं आहे: बंद जाळीत कोपरे उणे कडा अधिक घरं, उत्तर नेहमी २. पंचकोन प आणि षटकोन ष धरा. प्रत्येक कड दोन घरांत वाटलेली, म्हणून कडा (५प + ६ष) ÷ २. प्रत्येक कोपऱ्यात तीन घरं भेटतात, म्हणून कोपरे (५प + ६ष) ÷ ३. घरं प + ष. मांडून सोडवा, ष आपोआप उडून जातो आणि प = १२ उरतो. षटकोन कितीही घ्या, पंचकोन बाराच. (ज्यांना बीजगणिताचा कंटाळा आहे त्यांनी जुन्या पद्धतीच्या फुटबॉलचे काळे तुकडे मोजावेत.)

क्लॅथ्रिनच्या टोपल्याही हेच पाळतात. सगळ्यात लहान नमुन्यांत ४ षटकोन आणि २८ नग, त्याहून मोठ्यात ८ षटकोन आणि ३६ नग, आणि फुटबॉलच्या नमुन्यात २० षटकोन आणि ६० नग. माल मोठा असेल तर षटकोन वाढतात.

मग पेशी आधी सपाट चटई विणून नंतर वाकवते, की पहिल्यापासूनच गोल विणते? सपाट षटकोनी जाळ्या पेशींत खरोखर दिसतात. पण षटकोनाचा पंचकोन करायचा तर मधले नग सोडवून पुन्हा लावावे लागतील. प्रयोगांत दिसलंय की पापुद्र्यावर बसलेल्या जाळीतले नगसुद्धा सतत सुटत आणि नव्याने लागत असतात. दोन्ही मतांचे लोक अजून भांडतात. मला पहिल्यापासून गोल विणणं जास्त पटतं, पण यात आजीच्या डालग्याचा पूर्वग्रह असेल.

क्लॅथ्रिन मालाला स्वतः धरत नाही. मध्ये जोडणारी प्रथिनं असतात, एका बाजूने मालाच्या ग्राहीचं (पापुद्र्यात बसून माल पकडणाऱ्या प्रथिनाचं) शेपूट पकडणारी, दुसऱ्या बाजूने जाळी. कोलेस्टेरॉलवर संशोधन करणारे ब्राऊन आणि गोल्डस्टीन (नोबेल १९८५) यांच्या एका रुग्णात कोलेस्टेरॉलच्या ग्राहीचं ८३९ अमिनो आम्लांपैकी फक्त ८०७वं बदललं होतं. ग्राही पेशीवर होता, कोलेस्टेरॉल पकडतही होता, पण खळग्यात गोळा होत नव्हता. कोलेस्टेरॉल रक्तातच राहिलं.

पिशवीची मान कापतं डायनामिन नावाचं प्रथिन. ते बिघडलेली 'शिबिरे' जातीची फळमाशी उकाड्यात लुळी पडते आणि गारव्यात पुन्हा उठते, कारण चेतापेशींना संदेश पाठवायला लागणाऱ्या पुटिका परत मिळत नाहीत. पेशीच्या आतल्या वाहतुकीला सीओपी एक आणि सीओपी दोन ही वेगळी अस्तरं आहेत, त्यांची कथा स्वतंत्र आहे.

काकूंच्या थेंबांचं म्हणाल तर, पुटिकेत शिरलं म्हणजे पेशीत पोचलं असं नाही. ते अजून पिशवीतच असतं आणि ती पिशवी बहुधा पचनाच्या कोठारात, लायसोसोममध्ये रिकामी होते. खरी औषधं बनवणारेसुद्धा या पिशवीतून माल बाहेर कसा काढायचा यावर वर्षानुवर्षं डोकं फोडतात. साडेतीनशेच्या बाटलीने ते सोडवलं असेल असं मला वाटत नाही.

पिशवी सुटली की एचएससी७० नावाचं प्रथिन पेशीचं इंधन, एटीपी, खर्च करून काही सेकंदांत अख्खी टोपली उसवतं. सुटे नग पुढच्या खळग्याला जातात. हे आजीला सांगितलं, की इतकी सुबक टोपली विणून पेशी लगेच उसवून टाकते. ती विणता विणता म्हणाली, "मगे ती इकतली काय?"