जळगाव@425001 हा पासवर्ड किती वेळ टिकतो?

रोमन अक्षरांत टाईप केला तर हा पासवर्ड चौदा अक्षरांचा होतो. पहिलं अक्षर कॅपिटल, बाकीची लहान, मध्ये एक चिन्ह, शेवटी आकडे. जीएसटी पोर्टलचे सगळे नियम तो पाळतो. तरीही तो फुटायला सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो.

चोर लॉगिनच्या पानावर बसून एकेक पासवर्ड टाकून बघत नाही. चार-पाच चुका झाल्या की खातं बंद पडतं, हे त्यालाही ठाऊक असतं. धोका दुसरीकडे असतो. एखादी वेबसाइट फुटते आणि तिच्याकडची पासवर्डची यादी बाहेर येते. त्या यादीत बहुधा मूळ पासवर्ड नसतो, त्याचा हॅश असतो, म्हणजे गणिताने केलेला असा लगदा, ज्यावरून मूळ शब्द उलटा काढता येत नाही. पण चोर स्वतः एक शब्द घेतो, त्याचाही हॅश काढतो आणि यादीशी ताडून बघतो. हे त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालतं, तिथे अडवायला कुणी नसतं. हॅश जुन्या एमडी5 पद्धतीचा असेल, तर गेम खेळायचं एकच भारी ग्राफिक कार्ड सेकंदाला 100 अब्जांहून जास्त अंदाज तपासतं. नव्या, मुद्दाम संथ ठेवलेल्या पद्धतींत हा वेग खूप घटतो. पण कुठल्या वेबसाइटने कोणती पद्धत वापरली आहे, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

आता हिशेब करा. पाच हजार गावांची नावं, दहा चिन्हं आणि देशातले सुमारे 19 हजार पिनकोड. सगळ्या जोड्या मिळून झाल्या 95 कोटी. शंभर अब्जांपुढे हा आकडा काहीच नाही. दुकानाचं नाव आणि @123, मुलीचं नाव आणि जन्मसाल, एमएच19 आणि गाडीचा नंबर, यांचीही तीच गत. मोबाइल नंबरचा पासवर्ड तर विचारूच नका.

उलट, 95 अक्षरं-आकडे-चिन्हांतून मशीनने आंधळेपणाने उचललेली आठ अक्षरं त्याच वेगाने फोडायला साधारण 18 तास लागतात. तशीच बारा अक्षरं घेतली तर दीड लाखाहून जास्त वर्षं. पासवर्ड किती अवघड दिसतो याला फारशी किंमत नाही. तो निवडताना आपलं डोकं बाजूला ठेवलं होतं का, एवढंच बघायचं.

म्हणून बहुतेक खात्यांचे पासवर्ड पासवर्ड मॅनेजरला, म्हणजे पासवर्ड बनवून कुलपात जपणाऱ्या अ‍ॅपला, बनवू द्या. बिटवॉर्डन किंवा कीपास दोन्ही फुकट मिळतात. लांबी किमान 16 ठेवा. जीएसटी पोर्टल 15 च्या पुढे घेत नाही, तिथे पूर्ण 15. पाठ करायचे पासवर्ड मग दोन-तीनच उरतात: मॅनेजरचा, ईमेलचा आणि कॉम्प्युटरचा. त्यांच्यासाठी फासे घ्या. 7776 शब्दांची डाइसवेअर यादी इंटरनेटवर फुकट आहे. फासा पाच वेळा टाकला की पाच आकडे येतात, त्या आकड्यांसमोरचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द, मध्ये डॅश.

लोक चुकतात ते इथे. आलेला शब्द आवडला नाही म्हणून फासा पुन्हा टाकतात, किंवा शब्द लक्षात राहावेत म्हणून ते जुळवून घेतात. अहिराणी शब्द रोमन अक्षरांत लिहिले की कुणाला कळणार नाहीत, असंही वाटतं. परदेशातल्या चोराकडच्या यादीत ते कदाचित नसतीलही. पण काम सोडून गेलेला माणूस आपल्याच गावचा असतो, आणि कळणा-भाकरी-ठेचा ही ओळ त्यालाही सुचते.

मॅनेजरचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवायला हरकत नाही. कागद मॉनिटरला चिकटवू नका आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. टॅलीत टॅलीव्हॉल्ट, म्हणजे हिशेबाच्या डेटाला पासवर्डचं कुलूप, लावलं असेल तर त्याचा पासवर्ड लिहून ठेवाच. तो हरवला तर डेटा कंपनीलाही उघडता येत नाही, वर्षाचा हिशेब गेला.

सुरुवात मात्र ईमेलपासून करा. बहुतेक वेबसाइटवर 'पासवर्ड विसरलात?' दाबल्यावर नवा पासवर्ड ठेवायची लिंक तिथेच येते. ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, चालू करा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसलाही सहा आकडी पिन लावता येतो. एमआयडीसीतून पाइप नाहीतर चटई बाहेर पाठवणाऱ्यांनी ई-वे बिल पोर्टलवर दिवाणजीसाठी वेगळा सब-युझर, म्हणजे त्याचं स्वतंत्र लॉगिन, काढावा. दिवाणजी नोकरी सोडून गेला की तेवढाच बंद करायचा, मुख्य पासवर्डला हात लावायला नको. या पोर्टलवर 1 एप्रिल 2025 पासून सगळ्याच करदात्यांना ओटीपीसारखी दुसरी पडताळणी सक्तीची झाली आहे. नोंदवलेला मोबाइल नंबर आपलाच आहे ना, हे जरूर बघा. तिथे कर सल्लागाराचा नंबर असणं आपल्याकडे नवीन नाही.

दुकानातल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि वाय-फायचा राउटर बसवणारा माणूस कारखान्यातूनच टाकून आलेला पासवर्ड बहुधा तसाच ठेवून जातो. तो बदला. 2016 मध्ये मिराई या व्हायरसने असेच तयार पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेच 2017 मध्ये हा आग्रह सोडला, कारण लोक मार्च@2025 चं एप्रिल@2025 करतात. फोन हरवला, माणूस सोडून गेला किंवा वेबसाइट फुटल्याचं कळलं, तर मात्र त्याच दिवशी बदला.

खात्यातून पैसे गेले तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला. त्यानंतर ईमेलचा पासवर्ड बदला, पण दुकानाच्या कॉम्प्युटरवरून नको. त्यात बटणं टिपणारा व्हायरस बसला असेल, तर नवा पासवर्डही टाईप करता करता चोराकडे पोचतो.