प्रारूप विकास आराखड्यावर हरकत-सूचना कशी नोंदवायची? पात्रता, कागदपत्रे आणि सुनावणी

घराशेजारच्या मोकळ्या जागेवर मैदान होणार की वाहनतळ, समोरचा रस्ता ९ मीटरचा राहणार की १८ मीटरचा होणार, हे शहराच्या विकास आराखड्यात म्हणजे 'डीपी'त ठरतं. तो साधारण वीस वर्षांसाठी असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप आराखडा, म्हणजे आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध केल्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवणं बंधनकारक आहे. मुदत जाहीर सूचनेतच दिलेली असते. ती पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

हरकत कोणीही घेऊ शकतं. जमीन नावावर असण्याची अट नाही. 'आपली कुठे जागा आहे तिथे' म्हणून भाडेकरू आणि वस्तीतले लोक मागे राहतात. पण मैदानाचं आरक्षण, म्हणजे मैदानासाठी जागा राखून ठेवण्याची नोंद, उठलं तर खेळायची जागा त्यांच्याच मुलांची जाते. त्यांनी तर अर्ज करायलाच हवा.

अर्जाआधी दोन नकाशे पाहा: विद्यमान जमीन वापराचा आणि प्रस्तावित जमीन वापराचा. नकाशे कुठे पाहायला मिळतील ते सूचनेत लिहिलेलं असतं आणि प्रमाणित प्रती विकत मिळतात. बहुतेक जण थेट प्रस्तावित नकाशा उघडतात, पण खरी चूक अनेकदा पहिल्या नकाशात असते. उभी शाळा तिथे मोकळा भूखंड म्हणून दाखवली गेली, तर पुढचं आरक्षणही चुकतं. मुंबईच्या फेब्रुवारी २०१५ च्या प्रारूपात अशा चुका निघाल्या, हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने आराखडा दुरुस्त करायला सांगितलं. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं.

कायद्याला हरकत लेखी हवी असते. 'आमच्या भागावर अन्याय झाला आहे' एवढ्याने काम होत नाही. नकाशाचा शीट क्रमांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आरक्षण क्रमांक, आज तिथे प्रत्यक्ष काय आहे आणि तुम्हाला कोणता बदल हवा, हे पाचही मुद्दे अर्जात हवेत. उदाहरणार्थ: 'शीट क्र. अमुक, सर्व्हे क्र. तमुक येथे १२ मीटर रस्ता प्रस्तावित आहे. त्या जागी अंगणवाडी सुरू आहे. रस्ता उत्तरेकडील मोकळ्या पट्ट्यातून न्यावा.' पर्याय सुचवलेला असला की सुनावणी घेणाऱ्या समितीला निर्णय घेणं सोपं जातं. एका विषयासाठी एकच अर्ज करा.

सोबत नकाशाच्या उताऱ्याची खूण केलेली प्रत आणि जागेचे फोटो जोडा. मालक असाल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सोसायटीच्या नावाने अर्ज असेल तर ठरावाची प्रत आणि प्रतिनिधीचं अधिकारपत्र लावा. सामूहिक अर्जावर सुनावणीची नोटीस कोणाच्या पत्त्यावर पाठवायची ते ठळक लिहा. दोन प्रती घेऊन जा आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

यानंतर कलम २८ खालची नियोजन समिती बसते: पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणाचे जास्तीत जास्त चार जाणकार. हरकत नोंदवणाऱ्याला म्हणणं मांडण्याची वाजवी संधी देणं समितीवर बंधनकारक आहे. सुनावणीला जाच. कामाचा दिवस असतो, मजुरी बुडते, हे खरं आहे. म्हणून गल्लीतल्या एकाला अधिकारपत्र देऊन पाठवा. वेळ थोडा मिळतो. नकाशावर बोट ठेवून आधी मागणी सांगा, कारण नंतर.

समितीच्या अहवालानंतर बदलांसह आराखडा मंजुरीसाठी राज्य सरकारकडे जातो. सरकारने त्यात मोठ्या स्वरूपाचे फेरबदल सुचवले तर कलम ३१ खाली पुन्हा हरकती मागवल्या जातात. मंजुरीनंतर एखादं आरक्षण बदलायचं असेल, तर कलम ३७ ची वेगळी सूचना निघते आणि तिची मुदत एक महिना असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ही छोटी जाहिरात सहज नजरेतून सुटते, म्हणून ती पाहण्याचं काम वस्तीत कोणा एकाकडे सोपवून ठेवा.