मध्यस्थ परिणामाची संख्याशास्त्रीय कसोटी

एखादे कारण मधल्या घटकामार्फत (मध्यस्थामार्फत) परिणाम घडवते का, हे आकडेवारीवरून तपासण्याची पद्धत. धूम्रपानाने रक्तपेशींच्या डीएनएवरील मेथिल खुणा (डीएनएला चिकटलेले छोटे रासायनिक गट) बदलतात; फुप्फुसांची क्षमता त्या बदलामार्फत घटते का, हा या क्षेत्रातला नेहमीचा प्रश्न. कारणाचा मध्यस्थावरील परिणाम ‘अ’ आणि, कारण स्थिर धरून, मध्यस्थाचा अंतिम फलितावरील परिणाम ‘ब’ मानला, तर साध्या रेषीय प्रतिमानात अप्रत्यक्ष परिणाम म्हणजे अ × ब.

बॅरन आणि केनी यांची १९८६ची पायरीवार पद्धत मानसशास्त्रात खूप रुळली. तिची पहिली अट मात्र नडते: कारणाचा फलितावरील एकूण परिणाम आधी दिसलाच पाहिजे. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष परिणाम उलट दिशांचे असले, तर ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि खरा मध्यस्थ हातचा जातो. सोबेल यांनी १९८२मध्ये सुचवलेल्या कसोटीत अ × ब या गुणाकाराला त्याच्या प्रमाण त्रुटीने (अंदाजातील अनिश्चिततेच्या मापाने) भागून उत्तर प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणाशी ताडतात.

खरी मेख गुणाकारात आहे. तो तीन प्रकारे शून्य होतो: फक्त अ शून्य, फक्त ब शून्य, किंवा दोन्ही. पहिल्या दोन प्रकारांत नमुना मोठा असला की सोबेल कसोटी ठीक चालते. तिसऱ्यात तिच्या संख्येचे प्रमाण विचलन १ ऐवजी निम्मेच भरते. त्यामुळे ५ टक्के ठरवलेली चुकीच्या होकाराची शक्यता दहा हजारांत एकाहूनही खाली जाते. अ आणि ब दोन्ही स्वतंत्रपणे सार्थ (निव्वळ योगायोग न वाटण्याइतके मोठे) ठरावेत, ही संयुक्त कसोटी तुलनेने बरी, पण तिथेही ०.०५ × ०.०५ म्हणजे ०.००२५च. ही सावधगिरी वरवर चांगली वाटते. प्रत्यक्षात दुबळे पण खरे परिणाम तिच्यापायी निसटतात. एका चिपवर साडेचार लाखांच्या आसपास मेथिल स्थाने तपासताना, जिथे बहुतेक ठिकाणी अ आणि ब दोन्ही शून्य असतात, हा तोटा फार जाणवतो. म्हणून अलीकडच्या पद्धती आधी तिन्ही प्रकारांचे प्रमाण अजमावतात आणि त्यावरून पी-मूल्य (परिणाम नसतानाही इतका मोठा आकडा योगायोगाने येण्याची शक्यता) काढतात. बूटस्ट्रॅपने, म्हणजे हाती असलेल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून, गुणाकाराचे तिरके वितरण सांभाळले जाते, पण दुहेरी शून्याचा पेच सुटत नाही.

कसोटी सार्थ ठरली म्हणजे कार्यकारण सिद्ध झाले, असे नव्हे. प्रयोगात ‘कारण’ कुणाच्या वाट्याला जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवले तरी मध्यस्थ तसा वाटलेला नसतो. हवेतील प्रदूषण मेथिल खुणा आणि फुप्फुसे दोन्ही बिघडवत असेल, तर ‘ब’ फुगलेला दिसेल, आणि नमुना कितीही वाढवला तरी तो फुगवटा जाणार नाही. रॉबिन्स व ग्रीनलँड (१९९२) आणि पर्ल (२००१) यांनी अप्रत्यक्ष परिणामाची व्याख्याच ‘तसे घडले नसते तर’ या भाषेत नव्याने मांडली. असा लपलेला घटक किती प्रबळ असला तर निष्कर्ष कोसळेल, हे मोजण्याची रीत इमाई आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये दिली.